घोडा कुणाचा, लगाम कुणाच्या हाती?

ॲट्रॉसिटी कायद्यात घोडा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९८९ च्या या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. कलम ३ मध्ये तेव्हा जे नवे गुन्हे आले, त्यांत एक असा आहे: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, पायात वहाणा किंवा अंगात नवे कपडे घालण्यापासून, लग्नाची वरात काढण्यापासून आणि त्या वरातीत घोड्यावर बसण्यापासून अडवणं. मंगळाच्या कक्षेत यान पोचवणाऱ्या देशाच्या संसदेला त्याच्या पुढच्याच वर्षी "यांना घोड्यावर बसू द्या" असं लिहावं लागलं. संसद असं हौसेने लिहीत नाही. गावोगाव अडवलं जात होतं, म्हणून लिहावं लागलं.

आणि लिहिल्यावर थांबलं का? मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात प्रदीप राठोड या २१ वर्षांच्या तरुणाचा खून झाला. त्याला घोड्याचा नाद होता, घरात घोडा होता, तो त्यावर बसून फिरायचा आणि तेच काहींच्या डोळ्यांत खुपत होतं, असं त्याच्या वडिलांनी तक्रारीत सांगितलं. त्याच वर्षी जुलैत उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात, निजामपूरला संजय जाटव या नवरदेवाची वरात निघाली ती हायकोर्टापर्यंत धडक मारून झाल्यावर, पोलिसांच्या कड्यात.

हे सगळं डोक्यात ठेवून पुढचं वाचा. कारण पुढे आम्ही एका पर्यटनस्थळी पैसे मोजून घोड्यावर बसल्याची गोष्ट सांगणार आहोत, आणि "यात काय चळवळ?" असा प्रश्न काही समाजबांधवांनी आम्हाला आधीच विचारून झाला आहे.

आम्ही म्हणजे चिखली आणि मेहकर तालुक्यांतल्या अभ्यासवर्गातले अकरा जण, आठ मुलगे आणि तीन मुली. २५ डिसेंबर २०२४ ला मनुस्मृती दहन दिनानिमित्त महाडला गेलो होतो. चवदार तळं पाहिलं, क्रांतिस्तंभापुढे वंदना झाली. महाडबद्दल आपल्या लोकांना नव्याने काही सांगायची गरज नाही. परतताना पोरं म्हणाली, एवढ्या लांब आलो तर माथेरान बघून जाऊ. आमच्यापैकी कुणी ते पाहिलेलं नव्हतं. आपली माणसं प्रवास करतात तो दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, भीमा कोरेगाव असा. फिरायला म्हणून फिरणं आपल्या घरांत नुकतंच येऊ लागलं आहे, आणि ते आलं याचा आम्हाला आनंद आहे. गरिबाने मोर्चालाच बाहेर पडावं, सहलीला नाही, असा काही नियम नाही.

नेरळला रात्र काढली, टेम्पो तिथेच ठेवला आणि सकाळी टॅक्सीने दस्तुरी नाक्यावर उतरलो. त्याच्या पुढे पर्यटकांची मोटार जात नाही. पुढे लाल माती, झाडी, माकडं आणि माणसं वाहून नेण्याच्या नाना तऱ्हा. घोड्यांची रांग, दरफलक, डोक्यावर दोन-दोन सुटकेसा घेऊन चढणाऱ्या हमाल बाया. आणि हातरिक्षा. पुढे एक माणूस ओढतो, मागून दुसरा लोटतो आणि मध्ये तिसरा बसतो. सरकारी परवानगीने काही ई-रिक्षाही त्याच वाटेने धावत होत्या. अर्ध्या किलोमीटरच्या आत माणूस, जनावर आणि बॅटरी अशी तिन्ही युगं एकमेकांना साइड देत चालली होती.

घोड्यांजवळ गेलो तिथेच आमच्यात फूट पडली. मेहकरकडचा आमचा एक मित्र, त्याला आपण धाकटा म्हणू, सरळ म्हणाला, "भाऊ, मले नाही बसायचं. थो माणूस खाली चालते, आपण वरतून पाहतो, हे बरं दिसते काय?"

त्यावर आमच्यातली एक ताई म्हणाली, "तू नको बसू. मी बसतो. आमच्या घरातलं आजवर कोणी बसलं नाही."

हे वाक्य आम्हाला लागलं. आमच्या आजाने सांगितलेली त्याच्या बापाची आठवण आहे. महारकीच्या कामात साहेबाचा मुक्काम गावात पडला की घोड्याला गवत कापून आणणं, पाणी दाखवणं, रात्री राखण करणं आणि सकाळी पुढच्या गावच्या शिवेपर्यंत घोड्यापुढे पळत वाट दाखवणं. म्हणजे घोडा आमच्या घराण्याला चांगला ओळखीचा. फक्त तो आम्ही कायम समोरून किंवा मागून पाहिला, पाठीवरून नाही. वाट दाखवणारा पायी आणि वाट न माहीत असलेला वर, ही रचना आमच्या पणज्याने अंगावर काढली.

शेवटी सहा जण बसले, पाच चालले. सहा घोड्यांमागे तीन घोडेवाले. आमच्या घोड्याचं नाव बादशाह आणि त्याचा लगाम धरणारे मामा पन्नाशीच्या पुढचे. त्यांनी दोन वाक्यांत घोडेस्वारी शिकवली: पाय रिकिबीत अर्धाच घाला, आणि चढाला पुढे झुका, उताराला मागे रेला. बाकी घोड्याला वाट माहीत आहे. पहिली दहा मिनिटं खोगिराला घट्ट धरून गेली. मग लक्षात आलं, की घोडा चालताना खांदे हलवतो त्या तालात आपली कंबर सोडली की भीती जाते. ताई तर पुढच्या वळणापर्यंत गाणं म्हणायला लागली होती. तिचा तो चेहरा आम्ही पाहिला. सरंजामी हौस म्हणून त्याची टिंगल करणाऱ्यांनी तो एकदा पाहायला हवा होता.

मामांनी आमची जात विचारली नाही, आम्ही त्यांची विचारली नाही. पहिल्या वळणावर आडनाव मात्र दोघांनीही विचारलं.

शार्लट तलाव, लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट, लुईझा पॉइंट. ही नावं मामा सफाईने घेत होते. कुठे कुठल्या सिनेमाचं शूटिंग झालं हेही. आणि १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने माथेरानचा शोध लावला, हे तर तिथे सगळेच सांगतात. आता या डोंगरावर धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून वावरत होते. मॅलेटच्या पायाला ती वाट काही स्वप्नात दिसली नव्हती. पण कलेक्टर आला तो शोध आणि आदिवासी आला तर ती सरपणाची फेरी. समाजशास्त्राच्या वर्गात यावर दोन तास व्याख्यान होतं, लुईझा पॉइंटवर ते एका मिनिटात समजतं. आम्ही मामांना भाई कोतवालांबद्दल विचारलं. १९१२ साली याच माथेरानात एका गरीब न्हावी कुटुंबात जन्मलेला मुलगा वकील झाला, आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीने गेला. मामा लगेच म्हणाले, "आमचाच माणूस तो. पण पब्लिक कुठं विचारतं? पब्लिक एको विचारतं."

चालता चालता मामांचा हिशोब कळला. घोडा त्यांचा नाही. मालक वेगळा, त्याचे आणखीही घोडे आहेत. फेरीच्या पैशातला मोठा वाटा मालकाचा, चारा आणि नाल मालकाचे, मामांना उरलेलं आणि पर्यटकाने खुशीने दिलेलं. डोंगराखालच्या वाडीतून ते पहाटे पायी चढून येतात. पावसाळ्यात घोडे खाली जातात तेव्हा ते दुसऱ्याच्या भातात राबतात. दिवसाला किती फेऱ्या, तर हंगामात चार-पाच. बादशाह चारही पायांनी जेवढं चालतो तेवढंच मामा दोन पायांनी. फरक एवढाच की बादशाहला नाल आहेत आणि मामांच्या पायात झिजलेल्या चपला होत्या.

तलावाजवळ चहा घेतला. आम्ही बाकावर बसलो, मामा ग्लास घेऊन घोड्यापाशी उभे. "इकडं या, बसा," म्हटलं तर म्हणाले, "घोडा सोडता येत नाही." झाडाला बांधता येत होता. तेव्हा ताई आपला ग्लास घेऊन उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, मग आम्ही सगळेच. धाकट्याने तेवढ्यात विचारून घेतलं, "मामा, आम्ही वर बसतो, तुम्ही चालता, वाईट नाही वाटत?" मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू हा शहरातला मुलगा आहे. "तुम्ही बसला नाहीत त्याचं वाईट वाटलं," ते म्हणाले. "एक घोडा रिकामा आला."

परतीचा रस्ता आम्ही मुद्दाम नाशिक, मालेगाव, चाळीसगाव असा धरला. चाळीसगाव आपल्या बुलडाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातलं. घोडा, लगाम आणि जात यांचा धडा याच गावात, बाबासाहेबांच्या अंगावर लिहिला गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी तो सांगितला आहे. टेम्पोत आम्ही तो पोरांना पुन्हा सांगितला, कारण बहुतेकांना बडोद्याची गोष्ट माहीत असते, चाळीसगावची नाही.

१९२९ साल. मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात होते. एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. तिथल्या आपल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला होता. महारवाडा दोनेक मैलांवर, मध्ये नदी. स्टेशनबाहेर टांगे भरपूर, तरी तासभर काही हालचाल नाही. मग एक टांगा आला. शंभर-दोनशे पावलांवर तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आपटलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. त्यांचा पाय मोडला. कारण नंतर कळलं. एकही टांगेवाला अस्पृश्याला हाकून न्यायला तयार नव्हता. बाबासाहेबांना पायी न्यायचं आपल्या लोकांना पटत नव्हतं. तेव्हा तोडगा निघाला: टांगा भाड्याने घ्या, हाकायला तुमचा माणूस आणा. तो माणूस महारवाड्यातला, त्याने उभ्या जन्मात टांगा हाकला नव्हता.

या तोडग्याकडे नीट पाहा. टांगेवाल्याला पैशाचा विटाळ झाला नाही. घोड्याचा झाला नाही. ज्या गादीवर एक बॅरिस्टर बसणार होता, त्या गादीचाही झाला नाही. विटाळ फक्त एका गोष्टीचा होता, की हा वर बसणार आणि मी याला हाकून नेणार. टांगेवाला काही श्रीमंत नव्हता. दिवसभर लोकांना ओढून पोट भरणारा तो. पण हा माणूस तरी माझ्या खाली आहे, एवढी मिळकत जातीने त्याच्या पदरात टाकली होती आणि ती त्याला भाड्यापेक्षा मोलाची वाटत होती. जात कामं वाटून थांबत नाही, कामकऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ग्रंथात मांडलं. त्याच्या सात वर्षं आधी ते त्यांच्या हाडावर बसलं होतं.

म्हणून धाकट्याच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं आहे. मामांनी आमचा लगाम धरला, हे चाळीसगावच्या तुलनेत पुढचं पाऊल आहे आणि त्यावर घोड्यावरून उतरून पाणी टाकू नये. पण ते पाऊल कुणी टाकलं? अनोळखीपणाने टाकलं. माथेरानात आम्ही पर्यटक होतो, आमच्या कपाळावर वॉर्ड नंबर नव्हता. जिथे आडनावाआधी घर माहीत असतं, तिथे खरी परीक्षा. आणि दुसरं, मामांची अडचण ते चालतात ही नाही. डोंगरात वाटाड्या चालणारच. त्यांची अडचण ही की घोडा दुसऱ्याचा आहे. लगाम त्यांच्या हातात आणि मालकी तिसऱ्याच्या. वर कोण बसलं एवढंच मोजत राहिलो, तर हा तिसरा आपल्या नजरेतून सुटतो. तो माथेरानात सुटतो, वीटभट्टीवर सुटतो आणि आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्यांच्या उचलीतही सुटतो.

परीक्षा लवकरच आली. मे २०२५ मध्ये धाकट्याचंच लग्न होतं, मेहकर तालुक्यातल्या त्याच्या गावी. घोडीचा विषय निघाला तेव्हा घरातल्या जुन्या कार्यकर्त्यांनी तो उडवून लावला. त्रिसरण, पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार, मंगल परिणय झाला. घोडी, बॅण्ड, फेटा ही सगळी पाटीलकीची नक्कल. जातीचा प्रसार अनुकरणातून होतो, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबियातल्या निबंधात दाखवलं, मग आपण अनुकरण का करायचं? मुद्दा वजनदार आहे. आमचाही कल तिकडेच होता आणि धाकट्याला तर घोड्यावर बसायचंच नव्हतं, हे तुम्ही वाचलंच आहे.

मग गावातल्या एका वजनदार माणसाकडून निरोप आला. वरात काढा, आमचं काही नाही. फक्त मेन रोडने नको, शाळेमागच्या रस्त्याने न्या.

त्या संध्याकाळी धाकट्याने घोडी सांगितली.

जुन्या मंडळींना आमचं एवढंच म्हणणं आहे. घोडी नको म्हणण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याला घोडी मिळू शकते. मनाई असलेल्या गोष्टीचा त्याग करता येत नाही. आधी मनाई उठली पाहिजे, त्याग नंतर. आम्ही पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, त्यात कलमासकट सगळं लिहिलं आणि पोच घेतली. तरुण मित्रांनो, पोच घ्यायला विसरू नका, तोंडी आश्वासनाला पोच नसते. दोन शिपाई आले. वरात मेन रोडने गेली. डीजे नव्हता, भीमगीतं होती. ओट्यांवर माणसं बसून होती, काहींनी आत जाऊन दारं लावली, दोन म्हाताऱ्या बाया मात्र बाहेर येऊन नवरदेवाला पाहून गेल्या. काही घडलं नाही. वर्तमानपत्रात आलं नाही. असंच व्हायला हवं होतं.

घोडीसोबत तालुक्याहून आलेला मुलगा वीस-बावीस वर्षांचा. त्यालाही मालक होताच. पहिल्या पंगतीला धाकट्याने त्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवला. तो म्हणाला, "घोडी कोण धरील?" आमच्यातल्या एकाने धरली. घोडीला ते पसंत पडलं नाही, पण जेवण होईपर्यंत तिने निभावून नेलं.

६ ऑगस्ट २०२५ ला माथेरानच्या हातरिक्षांवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीचे भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणूस ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. नुसती बंद नाही, तर केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा आणून त्या ओढणाऱ्यांनाच चालवायला मिळाव्यात अशी दिशा दिली. निकालात पंजाबातल्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या खटल्याचा आधार आहे. तो खटला अवश्य वाचा. चालवणाराच रिक्षाचा मालक असावा असा कायदा पंजाबने केला होता. चालवणाऱ्यांकडे रिक्षा घ्यायला पैसेच नव्हते, म्हणजे कायद्याने त्यांचा धंदाच गेला असता. न्या. कृष्ण अय्यर यांनी कायदा मोडला नाही. बँकेचं कर्ज मिळवून देऊन चालवणाऱ्याला मालक करण्याची योजना न्यायालयातच आखली. कळवळ्याचे निकाल पुष्कळ असतात, मालकी देणारे थोडे.

लोणारच्या आमच्या एका मित्राला वाटतं, आपल्या सरोवराच्या काठानेही घोडे फिरवावेत, पोरांना रोजगार होईल. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं ते अभयारण्य आहे, तिथे काय चालेल हे वनखातं ठरवेल. आम्ही त्याला विचारलं, घोडे कुणाच्या नावावर घेणार? तो म्हणाला, ते नंतर पाहू. आम्ही म्हटलं, तेच आधी पाहू. अजून वाद चालू आहे.

निकालानंतर मामांना फोन लावला. ते शेतात होते, पाऊस लागलेला, भाताची बेणणी चाललेली. निकाल त्यांना माहीत होता. "रिक्षावाल्यांची पाठ सुटली, चांगलं झालं," म्हणाले. मग जरा थांबून, "पण ई-रिक्षा वाढल्या की घोड्यावर कोण बसंल? त्यांना गाडी मिळंल. आमचा घोडा तर मालकाचा." अश्वपालांचा ई-रिक्षांना विरोध का, हे आम्हाला त्या एका वाक्यात कळलं. एका कष्टकऱ्याची सुटका दुसऱ्याच्या भाकरीवर येऊन टेकते, तेव्हा चळवळीने कुणाच्या बाजूला उभं राहायचं, असं धाकटा मागून विचारत होता. फोन स्पीकरवर होता.

मामांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ते विचारत होते, "दिवाळीनंतर घोडे वर येतील. या वेळी किती जण येताय?"